अनाथाश्रमाचं पुढे काय होतं?

सेरंगून गार्डनच्या चॉम्प चॉम्प फूड सेंटरमध्ये शनिवारी संध्याकाळी टेबल मिळवणं म्हणजे दिवाळीच्या आदल्या दिवशी लक्ष्मी रोडवर गाडी लावायला जागा मिळवण्यासारखं आहे. गेली सहा वर्षं आम्ही याच भागात राहतो, त्यामुळे आता सवय झाली आहे. याच भागात सेरंगून गार्डन वे नावाच्या रस्त्यावर एक पाटी आहे: ‘चेन सू लान मेथडिस्ट चिल्ड्रन्स होम’. बसच्या खिडकीतून ती पाटी मी शेकडो वेळा वाचली असेन. डोक्यात एकच मराठी शब्द यायचा, अनाथाश्रम.

मग एकदा आमच्या ब्लॉकमधल्या एका निवृत्त शिक्षिका आंटींशी लिफ्टपाशी गप्पा मारताना मी तोच शब्द इंग्रजीत वापरला. त्यांनी लगेच दुरुस्त केलं. अशा होममधल्या बहुतेक मुलांना आई किंवा वडील असतात, निदान एखादी आजी तरी असते, असं त्या म्हणाल्या. घर अडचणीत असतं, म्हणून मूल तिथे येतं. घर सावरलं की ते परत जावं, असा प्रयत्न असतो.

मी ‘हो का?’ म्हणून घरी आले. ही गोष्ट तिथेच संपली असती. पण त्यानंतरच्या दिवाळीत पुण्यात एक प्रसंग घडला आणि हा सगळा विषय डोक्यातून जाईना. त्या प्रसंगाकडे येतेच. आधी थोडा इतिहास, कारण तो माहीत झाल्याशिवाय त्या प्रसंगाचं वजन मलाही कळलं नव्हतं.

एका डॉक्टरची गोष्ट

चेन सू लान हे एका माणसाचं नाव. १८८५ मध्ये चीनमधल्या फूचौ इथे जन्मलेला हा मुलगा सिंगापूरला आला, इथल्या नव्या वैद्यकीय शाळेत शिकला आणि १९१० मध्ये तिथून पास झालेल्या पहिल्या सात डॉक्टरांपैकी एक ठरला. त्या काळात सिंगापुरात अफू उघडपणे मिळायची आणि सरकारला त्यातून मोठा महसूल मिळायचा. हमाल आणि रिक्षा ओढणारे मजूर दिवसाची कमाई अफूत घालवायचे. डॉ. चेन यांनी उभी हयात या अफूशी लढण्यात घालवली. १९३३ मध्ये त्यांनी अफू सोडवण्यासाठी दवाखाना सुरू केला. १९४७ मध्ये आपली मालमत्ता एका ट्रस्टच्या हवाली केली. त्यांच्या नावाचं हे मुलांचं घर १९६८ मध्ये उघडलं आणि चार वर्षांनी, १९७२ मध्ये, ते गेले.

मला यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. व्यसनी बापाचा इलाज करणारा माणूस शेवटी मुलांसाठी घर उभारण्यापर्यंत पोचतो. मूल उघड्यावर का पडतं, हे त्याने आयुष्यभर जवळून पाहिलेलं असतं.

सिंगापुरात याच्याही आधीची एक मोठी गोष्ट आहे. सिटी हॉल स्टेशनजवळ ‘चाइम्स’ नावाची देखणी जुनी वास्तू आहे. आज तिथे रेस्टॉरंट आहेत, लग्नाच्या पार्ट्या होतात, आमच्या ऑफिसचं वर्षअखेरीचं जेवणही एकदा तिथेच झालं. १८५४ मध्ये आलेल्या फ्रेंच नन्सचा हा कॉन्व्हेंट. तिथे भिंतीत एक लहानसं दार आहे, ‘गेट ऑफ होप’. त्या दाराशी लोक तान्ही मुलं ठेवून जायचे. बहुतेक मुलीच. व्याघ्र वर्षात जन्मलेली मुलगी अशुभ, असा चिनी समज होता, त्यामुळे त्या वर्षी मुली जास्त यायच्या. १९८३ मध्ये कॉन्व्हेंट तिथून हललं. शाळा दुसरीकडे गेल्या, वास्तू मात्र राहिली. त्या दारापुढे उभं राहून पर्यटक फोटो काढतात.

म्हणजे एकाच शहरात दोन तऱ्हा दिसतात. एका ठिकाणी इमारत टिकली आणि तिच्यातलं काम निघून गेलं. दुसऱ्या ठिकाणी काम टिकलं, पण काळाप्रमाणे बदललं.

लुथरन मंडळींनी काय केलं?

अनाथाश्रम बदलतात कसे, हे शोधताना मी जर्मनीपर्यंत गेले. (आमच्या धंद्यात याला ‘रूट कॉज’ शोधणं म्हणतात, आणि ते करता करता रात्रीचा एक वाजतो.) हाले नावाच्या गावात ऑगस्ट हेर्मान फ्रांके हा लुथरन पाद्री होता. १६९५ मध्ये त्याच्या दानपेटीत चार थेलर आणि सोळा ग्रोशन एवढी रक्कम सापडली. तेवढ्यावर त्याने गरीब मुलांची शाळा सुरू केली. तीन वर्षांत अनाथाश्रमाच्या मोठ्या इमारतीची पायाभरणी झाली. हळूहळू तिथे शाळा, औषधांचा कारखाना, छापखाना असं एक गावच वसलं.

या गावाचा एक धागा चक्क मराठी दरबारापर्यंत येतो. हालेमध्ये घडलेले पाद्री १७०६ मध्ये तमिळनाडूच्या किनाऱ्यावर, डेन्मार्कच्या ताब्यातल्या तरंगमबाडीला उतरले. त्याच परंपरेतला ख्रिश्चन फ्रीडरिख श्वार्ट्झ पुढे तंजावरला आला. तंजावरच्या तुळजाराजे भोसल्यांनी १७८७ मध्ये आपला लहान दत्तक मुलगा याच पाद्र्याच्या देखरेखीखाली सोपवला. तो मुलगा म्हणजे सरफोजीराजे दुसरे, सरस्वती महाल ग्रंथालय नावारूपाला आणणारे. राजे ख्रिस्ती झाले नाहीत, पण या गुरूचा मान त्यांनी कायम राखला आणि तंजावरच्या चर्चमध्ये त्याचं संगमरवरी स्मारक उभारलं. ज्या मुलाचे वडील गेले आणि ज्याच्या गादीवर दुसऱ्यांचा डोळा होता, त्याच्या पाठीशी एक माणूस उभा राहिला. अनाथ मुलाला छपराइतकंच हेही लागतं.

हीच कल्पना जर्मन स्थलांतरितांबरोबर अमेरिकेत गेली. पेनसिल्वेनियात विल्यम पॅसव्हंट हा लुथरन पाद्री होता. झीलियनोपल या आपल्या जन्मगावी त्याने १८५४ मध्ये अनाथ मुलांसाठी शेतीशाळा काढली. यादवी युद्धानंतर, १८६६ मध्ये, न्यूयॉर्कजवळ माउंट व्हर्नन इथे ‘वार्टबर्ग’ नावाचं दुसरं घर काढलं. या दोन्ही संस्था आजही चालू आहेत. पण झीलियनोपलची संस्था आता ‘ग्लेड रन लुथरन सर्व्हिसेस’ या नावाने मुलांचं मानसिक आरोग्य, ऑटिझम, विशेष शिक्षण आणि कुटुंबांना घरी जाऊन मदत अशी कामं करते. वार्टबर्गमध्ये आता वृद्धांची देखभाल होते. संस्थापक एक, सुरुवात एकसारखी, आणि दीडशे वर्षांनी दोन्हीकडे जुना अनाथाश्रम नाही.

हे कशामुळे झालं? एक कारण म्हणजे औषधं आणि स्वच्छता सुधारली, आईबाप अकाली जायचं प्रमाण कमी झालं. पण दुसरं कारण मोठं आहे. आश्रमातल्या पुष्कळ मुलांना एक पालक होता, हे लोकांच्या लक्षात येऊ लागलं. नवरा गेलेली बाई दिवसभर कामाला जायची, मूल सांभाळायला कोणी नाही, म्हणून ते आश्रमात. जानेवारी १९०९ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी व्हाइट हाउसमध्ये निराधार मुलांविषयी परिषद बोलावली. केवळ गरिबीपायी मुलाला घरापासून तोडू नये, असा तिचा निष्कर्ष निघाला. १९११ मध्ये इलिनॉय राज्याने अशा आयांना थेट पैसे द्यायला सुरुवात केली आणि १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने ती मदत देशभर नेली. आईच्या हातात पैसे आले तसे आश्रम रिकामे होऊ लागले.

इमारत रिकामी झाली की संस्थेपुढे प्रश्न येतो, आता काय करायचं? काहींनी कुलूप लावलं. काहींनी मूळ प्रश्नाकडे परत पाहिलं: आपण छप्पर द्यायला निघालो होतो की मुलाला सांभाळायला? ज्यांनी दुसरं उत्तर निवडलं, त्या आजच्या समाजसेवा संस्था.

आणि आपल्याकडे?

आता पुण्याकडे येऊ. १९०९ हे साल लक्षात ठेवा, कारण त्याच वर्षी पुण्यात ‘अनाथ विद्यार्थी गृह’ सुरू झालं. गरीब, निराधार मुलांनी राहावं आणि शिकावं यासाठी. आज त्याचं नाव ‘पुणे विद्यार्थी गृह’. पर्वतीच्या पायथ्याशी त्यांचं इंजिनीअरिंग कॉलेज आहे. पुण्यातल्या किती आयटीवाल्यांना ठाऊक असेल, की आपल्या कॉलेजच्या मुळाशी एक अनाथ विद्यार्थी गृह आहे?

मला तरी माझ्या कॉलेजबद्दल कुठे ठाऊक होतं! मी शिकले कर्वेनगरच्या कमिन्स कॉलेजमध्ये, कॉम्प्युटर इंजिनीअरिंग. मुलींसाठीचं हे इंजिनीअरिंग कॉलेज १९९१ मध्ये निघालं, ते महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेने काढलं. आणि ही संस्था म्हणजे धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये स्थापन केलेला अनाथ बालिकाश्रम. चार वर्षं त्या आवारात मी सबमिशनसाठी पळापळ केली, कॅन्टीनमध्ये वडापाव खाल्ला. पण ‘अनाथ बालिका’ आणि माझी डिग्री यांच्यात थेट रेषा आहे, हे एकदाही मनात आलं नाही.

अण्णांचा आश्रम मुख्यतः विधवांसाठी होता. त्या काळी पंधरा-सोळा वर्षांच्या विधवा मुलीचे आईबाप जिवंत असले, तरी समाजाच्या लेखी ती निराधारच. १९०० च्या सुमारास आश्रम शहराबाहेर हिंगण्याला गेला. तिथली पहिली वास्तू म्हणजे एक झोपडी. अण्णा फर्ग्युसन कॉलेजात शिकवायचे आणि तिथून हिंगण्याला पायी ये-जा करायचे, हे आपण शाळेच्या पुस्तकात वाचलेलं आहे. पार्वतीबाई आठवले कमी जणांना आठवतात. बाया कर्व्यांच्या या बहीण, स्वतः विधवा. आश्रमासाठी गावोगाव फिरून त्यांनी वर्गणी गोळा केली. एवढ्यावर न थांबता पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस त्या अमेरिकेला गेल्या, तिथे लोकांच्या घरी धुणीभांडी करून इंग्रजी शिकल्या आणि आश्रमासाठी मदत मागितली. परदेशातून पुण्यातल्या संस्थेसाठी निधी उभा करणाऱ्या आपल्या पहिल्या बायकांपैकी त्या एक. आम्ही आज एका क्लिकवर पैसे पाठवतो. बाईंनी त्यासाठी भांडी घासली.

याच्याही मागे गेलं तर महात्मा फुले आणि सावित्रीबाईंचं १८६३ चं बालहत्या प्रतिबंधक गृह दिसतं. पंढरपूरला विठ्ठलाच्या गावात प्रार्थना समाजाच्या मंडळींनी १८७५ मध्ये काढलेला बालकाश्रम दिसतो. फसवल्या गेलेल्या विधवेने कुठे जायचं आणि तिच्या बाळाचं काय होणार, हे दोन्ही प्रश्न या लोकांनी एकत्र पाहिले. आई आणि मूल यांचा विचार त्यांनी वेगवेगळा केला नाही.

इथे मला एक फरक दिसतो आणि आजच्या लेखाचा मुद्दा तोच आहे. अमेरिकेतल्या त्या लुथरन अनाथाश्रमाची कुटुंबाला मदत करणारी संस्था झाली. पुण्यातल्या आपल्या दोन मोठ्या आश्रमांच्या शिक्षणसंस्था झाल्या.

हे चुकलं असं मी मुळीच म्हणत नाही. १८९६ च्या विधवेला आणि १९०९ च्या गरीब मुलाला सगळ्यात जास्त गरज शिक्षणाची होती. शिकली म्हणून ती नर्स झाली, मास्तरीण झाली, स्वतःच्या पायावर उभी राहिली. तो निर्णय बरोबर होता आणि त्याची फळं खाणाऱ्यांत मी आहे. माझ्यासारख्या हजारो मुली आहेत, सिंगापूर, म्युनिक, सिअ‍ॅटल, कुठे कुठे. पण झाडाची एक फांदी खूप वाढली आणि दुसरीकडे आपलं लक्ष गेलं नाही. मोडायला आलेलं घर मुलासकट सावरायचं, ही ती दुसरी फांदी. हे काम करणाऱ्या चांगल्या संस्था पुण्यात आहेत. ससून रुग्णालयाशी जोडलेली, १९६४ पासूनची ‘सोफोश’ आहे, १९७९ पासूनचं ‘भारतीय समाज सेवा केंद्र’ आहे. पण दर दहा परदेशस्थ मराठी माणसांना विचारा, किती जणांनी ही नावं ऐकली आहेत? मी स्वतः दोन वर्षांपूर्वीपर्यंत ऐकली नव्हती.

जेवणाच्या तारखा फुल्ल

आता तो दिवाळीचा प्रसंग. आम्ही पुण्याला गेलो होतो. मुलाचा सातवा वाढदिवस तिथेच येत होता. आई म्हणाली, हॉलबिल करू नका, एखाद्या बालगृहात मुलांना गोडाचं जेवण देऊ. मलाही पटलं. एका बालगृहाला फोन केला. संस्थेचं नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं चांगलीच होती आणि दोष त्यांचा नव्हता.

फोनवरच्या ताई म्हणाल्या, ‘‘त्या तारखेचं दुपारचं जेवण बुक आहे, संध्याकाळचं नाश्त्याचं चालेल का?’’ मी नाश्त्याला हो म्हटलं.

गेलो. केक, समोसे, जिलेबी. मुलं रांगेत बसली, टाळ्या वाजवून गाणं म्हणाली. सराईतपणे. दिवसातला हा त्यांचा दुसरा वाढदिवस होता, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. जिलेबी बऱ्याच ताटांत तशीच राहिली. माझा मुलगा शेजारच्या मुलाशी बोलत होता. थोड्या वेळाने तो माझ्याकडे येऊन म्हणाला, ‘‘आई, ह्याची आई सांगलीला असते. पोळ्यांच्या कामाला जाते.’’

मी त्या ताईंकडे पाहिलं. त्या अगदी सहज म्हणाल्या, ‘‘हो ना, बहुतेकांना कोणी ना कोणी आहे. ह्याचा बाप गेला, खोलीचं भाडं परवडेना. म्हणून इथे.’’

मग मी विचारलं, संस्थेला जास्त अडचण कशाची येते? मला वाटलं, धान्य, कपडे, कॉम्प्युटर असं काही सांगतील. त्या हसल्या. ‘‘जेवणाच्या तारखा फुल्ल आहेत बघा, पार पुढच्या महिन्यापर्यंत. पगाराला कोणी देत नाही. सोशल वर्करची जागा रिकामी आहे. मुलांच्या घरी जायला, कागद करायला माणूसच नाही.’’

परतताना गाडीत मी हिशोब करत होते. केक, समोसे, जिलेबी, मुलांना भेटवस्तू, फोटोग्राफर (हो, फोटोग्राफरही होता). जेवढा खर्च झाला, तेवढ्यात त्या सांगलीच्या बाईचं काही महिन्यांचं भाडं निघालं असतं. आणि ते मूल दिवाळीला आईकडे असतं. मी दान दिलं होतं, हे खरं. पण कोणाच्या सोयीचं? माझ्या मुलाचे फोटो छान आले होते.

कायदा काय म्हणतो?

हे फक्त माझं भावनिक होणं नाही. आपला २०१५ चा बाल न्याय कायदा स्पष्ट सांगतो, की मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय असावा. त्याआधी घर सावरता येतं का, नातेवाईक सांभाळतील का, दुसरं कुटुंब काही काळ प्रतिपालक होईल का, हे पाहायचं. केंद्राच्या ‘मिशन वात्सल्य’ योजनेत अशा मुलाला घरीच राहता यावं म्हणून महिना ४,००० रुपये प्रायोजकत्व आहे. महाराष्ट्राची बालसंगोपन योजना आहे, तिच्यात महिना २,२५० रुपये मिळतात. रुमानियात २००० साली एक अभ्यास सुरू झाला. बुखारेस्टमधल्या संस्थांतली १३६ लहान मुलं त्यात होती. काहींना प्रतिपालक कुटुंबात पाठवलं, काही संस्थेत राहिली. कुटुंबात गेलेल्या मुलांची बुद्धी, भाषा आणि माणसांशी जुळवून घेणं जास्त चांगलं वाढलं, आणि जितक्या लहान वयात गेली तितकं चांगलं. संस्था कितीही प्रेमळ असली तरी तिथे मावश्या पाळीप्रमाणे बदलतात. आईची ड्यूटी संपत नाही.

मग अडतं कुठे? अडतं कागदावर. मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शाळेचं प्रमाणपत्र, आधार, बँक खातं, बालकल्याण समितीपुढे हजेरी. पोळ्या लाटणाऱ्या बाईने एक दिवसाची मजुरी बुडवून हे करायचं आणि एक कागद कमी पडला की पुन्हा यायचं. तिच्याबरोबर ऑफिसात जाणारा, घरी जाऊन परिस्थिती पाहणारा, महिन्यांनी परत चौकशी करणारा एक माणूस लागतो. तो माणूस म्हणजे त्या ताईंनी सांगितलेली रिकामी जागा. इथे सिंगापुरात सरकारी इमारतींच्या तळमजल्यावर, व्हॉइड डेकमध्ये, ‘फॅमिली सर्व्हिस सेंटर’ असतात. नवरा-बायकोचं भांडण, थकलेलं भाडं, मुलाची शाळा बुडणं, यासाठी लोक तिथे जातात. प्रतिपालक कुटुंबांची योजनाही इथे १९५६ पासून आहे. म्हणजे मूल ‘होम’च्या दाराशी पोचण्याआधी मधे दोन-तीन दारं आहेत. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ती मधली दारं नाहीत, किंवा आहेत पण पाटीवर माणूस नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. सगळीच घरं सावरण्यासारखी नसतात. जिथे मारहाण आहे, अत्याचार आहे, तिथून मुलाला बाहेर काढावंच लागतं आणि त्याला सुरक्षित जागा लागते. म्हणून सिंगापूरसारख्या शहरातही होम आहेत आणि राहतील. अमेरिकेतही आश्रम बंद झाले म्हणून सगळं छान झालं असं नाही. एका प्रतिपालक घरातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या घरी फिरणारी मुलं तिथेही आहेत. तेव्हा ‘बालगृहांना देणगी बंद करा’ असा माझ्या लिखाणाचा अर्थ कृपया कोणी काढू नये. देणगी द्याच. कशासाठी द्यायची, एवढंच थोडं बदलू या.

आपण काय करायचं?

परदेशातले आपण लोक संस्थांना बऱ्यापैकी मदत करतो. मंडळाच्या गणपतीत डबा फिरतो, व्हॉट्सअ‍ॅपवर आवाहनं येतात, वाढदिवसाला जेवणं दिली जातात. त्यात तीन बदल करता येतील.

पहिला, पैसे पाठवण्याआधी संस्थेला तीन प्रश्न विचारा. तुमच्याकडच्या किती मुलांना आई किंवा वडील आहेत? गेल्या वर्षी किती मुलं घरी परतली? घरी गेल्यावर त्यांची चौकशी कोण करतं? चांगल्या संस्थेला हे प्रश्न आवडतात. उत्तर टाळलं जात असेल, तर तेही एक उत्तरच आहे.

दुसरा, जेवणाऐवजी पगाराला द्या. एका दिवसाच्या श्रीखंडापेक्षा समाजकार्यकर्त्याच्या पगाराचा एक हिस्सा वर्षभर उचला. चार-पाच मित्रमैत्रिणी मिळून हे सहज जमतं. याचा फोटो येत नाही, भिंतीवर संगमरवरी पाटीही लागत नाही. आमच्या धंद्यातल्या लोकांना तरी हे कळायला हवं. नवीन फीचरचं सगळे कौतुक करतात, पण सिस्टीम चालू राहते ती रात्री मेंटेनन्स करणाऱ्यामुळे.

तिसरा, नियम नीट पाळा. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी भारतीयाने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेली देणगी ‘विदेशी योगदान’ धरली जात नाही. पण ज्यांनी इथलं किंवा दुसऱ्या कुठल्या देशाचं नागरिकत्व घेतलं आहे, त्यांची देणगी विदेशी योगदान ठरते, ओसीआय कार्ड असलं तरी. ती घ्यायला संस्थेकडे एफसीआरए नोंदणी असावी लागते. एका ग्रुपने सगळ्यांचे पैसे एकत्र करून पाठवले आणि त्यात दोघे परदेशी नागरिक असले, तर अडचण संस्थेची होते, आपली नाही. म्हणून आधी विचारा, मग पाठवा.

हिंगण्याच्या संस्थेत भाऊबीज निधीची जुनी प्रथा आहे. आश्रमातल्या बहिणींसाठी भावांनी ओवाळणी घालावी, म्हणून कार्यकर्ते घरोघर जायचे. मला त्या नावात शहाणपण दिसतं. ओवाळणी ही भीक नसते, ती नात्यातली देवघेव असते. आणि ओवाळणी घालताना आपण बहिणीला ‘अनाथ’ म्हणत नाही. त्या दोन्ही पुणेरी संस्थांनी आपल्या नावातून तो शब्द केव्हाच काढून टाकला आहे. आपल्या बोलण्यातून तो अजून गेला नाही. माझ्याही गेला नव्हता, लिफ्टपाशी आंटींनी दुरुस्त करेपर्यंत.

या वर्षी मुलाचा वाढदिवस सेरंगूनलाच आहे. केक घरी, मित्र चार. जेवणाच्या खर्चाइतकी रक्कम आम्ही पुण्यातल्या त्याच बालगृहाला पाठवायची ठरवली आहे, पण पगाराच्या खात्यावर आणि दर महिन्याला. मध्ये एकदा मी त्या ताईंना फोन केला होता. सोशल वर्करची जागा अर्धवेळ भरली आहे, म्हणाल्या. सांगलीच्या बाईचे कागद चालू आहेत, एक दाखला राहिला आहे.

तो मिळाला की कळवा, असं मी त्यांना सांगून ठेवलं आहे.

(लेखिका सिंगापूर इथे सॉफ्टवेअर अभियंता आहेत.)